डिड, हॅव की हॅड? इंग्रजीत भूतकाळातला प्रश्न विचारताना

"काल कुठे गेला होतास?" हे इंग्रजीत विचार म्हटल्यावर मुलाखतीची तयारी करणारी माझी भाची क्षणभर थांबली आणि म्हणाली, "व्हेअर हॅड यू गॉन यस्टरडे?" आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी हेच येतं. मराठीत ‘होतास’ दिसलं की हॅड लावायचं, हे शाळेपासून डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण इथे हवं "व्हेअर डिड यू गो यस्टरडे?"

हॅडला सोबत भूतकाळातली दुसरी घटना लागते. "तू स्टेशनवर पोचलास तेव्हा गाडी सुटली होती का?" यात आधी काय घडलं ते विचारायचंय, म्हणून "हॅड द ट्रेन लेफ्ट व्हेन यू रीच्ड द स्टेशन?" अगदी बरोबर. अशी दुसरी घटना नसेल, तर मराठीत ‘होतास’ असूनही डिडच घ्या.

डिड आणि हॅव यांत निवडताना खरा घोळ आपल्या ‘कधी’मुळे होतो. "गोव्याला कधी गेली आहेस का?" म्हणजे आजवर एकदा तरी: "हॅव यू एव्हर बीन टू गोवा?" "गोव्याला कधी गेलीस?" म्हणजे कोणत्या दिवशी: "व्हेन डिड यू गो टू गोवा?" कॅलेंडरवर बोट ठेवता येईल अशी वेळ विचारायची असेल, तर हॅव चालत नाही. "कधी आला आहात?"चं "व्हेन हॅव यू कम?" करू नका, "व्हेन डिड यू कम?" म्हणा. जेवण झालं का हे विचारायला ब्रिटिश वळणाने "हॅव यू ईटन येट?", अमेरिकेत "डिड यू ईट येट?" हेही सर्रास चालतं. परीक्षेत मी पहिलंच लिहायला सांगेन.

डिड निवडलंत की पुढचं क्रियापद मूळ रूपात ठेवा. ‘गेलास का’मध्ये काळ क्रियापदावरच असतो, त्या सवयीने "डिड यू वेन्ट?" निघून जातं. डिडने काळ आधीच उचललेला असतो, म्हणून "डिड यू गो?" तसंच "डिड यू हॅड लंच?" नव्हे, "डिड यू हॅव लंच?"

डिड लागतच नाही अशाही जागा आहेत. कोणी केलं हे विचारताना "हू ब्रोक द ग्लास?", आणि ‘होता का’ एवढंच असेल तिथे "वॉज ही अ‍ॅट होम?"