अतिनील किरणांची निर्जंतुकीकरण पेटी: श्वासाच्या मास्कसाठी घ्यावी का?

बडोद्यातल्या वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत सध्या सर्रास दिसणारी अतिनील किरणांची निर्जंतुकीकरण पेटी आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर घेतली आणि सीपॅपचा (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग मोकळा ठेवणाऱ्या यंत्राचा) मास्क, टूथब्रश, दाढीचे रेझर, चष्मे व मोबाइल अशा रोज अंगाशी येणाऱ्या वस्तूंसाठी पूर्ण पावसाळाभर वापरली. खोक्यावर चित्र सीपॅपच्या मास्कचेच आहे आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ असे छापलेले आहे. यजमानांना झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असल्यामुळे त्यांना रात्रभर मास्क लावूनच झोपावे लागते. आमची खरेदी मुख्यतः त्यासाठीच होती, म्हणून हे परीक्षणही त्याच अंगाने लिहिले आहे.

पेटीची बांधणी चांगली आहे. झाकण जरा वर उचलले तरी दिवा तत्काळ विझतो आणि ही सोय अत्यावश्यकच आहे, कारण २०० ते २८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या या किरणांनी जंतूंची जनुके जशी बिघडतात तशीच आपल्या डोळ्यांना आणि त्वचेलाही इजा होते. घरात लहान मूल असेल तर ही एक गोष्ट दुकानातच तपासून घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. हे किरण सरळ रेषेत जातात आणि जिथे सावली पडते तिथे पोहोचत नाहीत. सीपॅपच्या मास्कची चेहऱ्याला टेकणारी सिलिकॉनची उशी मात्र दुहेरी पडद्याची असते. आतला पडदा बाहेरच्या पडद्याखाली दुमडलेला असतो, आणि रात्रभरचा घाम, चेहऱ्याचा तेलकटपणा व उच्छ्वासाची ओल नेमकी त्या घडीत साचते. त्वचेवर नेहमी असणारे स्टॅफिलोकोकससारखे जीवाणू तिथे वाढतात, चिकट थर धरतात आणि त्या थराच्या आडोशाने टिकून राहतात. पेटीतून काढलेल्या मास्कच्या या घडीवरून बोट फिरवले की निसरडेपणा जसाच्या तसा लागतो. तोच मास्क कोमट पाण्यात सौम्य साबणाने, घडी उलटी करून, बोटांनी चोळून धुतला की सिलिकॉन करकरीत होते. पेटी जंतू मारण्याचा प्रयत्न करते, पण मळ काढत नाही. आणि मळ राहिला की राहिलेल्या जंतूंचा आसरा आणि आहार दोन्ही शाबूत राहतात.

त्या ९९.९ टक्क्यांचाही हिशेब करून पाहावा. १० लाख जीवाणूंपैकी तेवढे मेले तरी १,००० उरतात. प्रयोगशाळेतल्या अनुकूल परिस्थितीत ई. कोलायसारखा जीवाणू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. त्या वेगाने १,००० चे पुन्हा १० लाख व्हायला साडेतीन तासही लागत नाहीत. मास्कवर हा वेग कमी असेल हे खरे, परंतु दमट उशी कोरडी न करता पेटीत बंद करून ठेवली तर आपण वाढीला मदतच करतो. विश्वामित्रीच्या काठच्या या शहरात श्रावणात वाळत घातलेला पंचासुद्धा संध्याकाळपर्यंत ओलसर लागतो, तिथे बंद पेटीत वस्तू सुकणार कशी?

माझी सर्वांत मोठी तक्रार सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल आहे. किरणांचा परिणाम त्यांची तीव्रता आणि वेळ या दोहोंच्या गुणाकारावर, म्हणजे मात्रेवर, ठरतो. २०२० मध्ये एन-९५ मास्कचा तुटवडा पडला, तेव्हा रुग्णालयांत ते अतिनील किरणांनी निर्जंतुक करून पुन्हा वापरण्यासाठी किमान १ ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर ही मात्रा सांगितली जात होती. या पत्रकात मात्र फक्त ‘३ मिनिटे’ लिहिले आहे, तीव्रतेचा आकडाच नाही. तेव्हा ते ९९.९ टक्के कोणत्या जंतूचे, कोणत्या पृष्ठभागावरचे आणि किती मात्रेने साधलेले, हे ग्राहकाला कळायला मार्ग नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२० मध्येच जाहीर केले होते की सीपॅप साफ करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ओझोनच्या किंवा अतिनील किरणांच्या कोणत्याही उपकरणाला त्यांनी तोवर मान्यता दिलेली नव्हती. ओझोनच्या उपकरणांबाबत तर खोकला, डोकेदुखी आणि दम्याचा झटका अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. ही पेटी ओझोनची नाही, ही त्यातली जमेची बाजू.

टूथब्रशसाठीही पेटी मला पटली नाही. केसांच्या मुळाशी केसांचीच सावली पडते आणि ब्रश खरा ओला तिथेच असतो. तो वाहत्या पाण्याखाली धुऊन, मोकळ्या हवेत उभा ठेवून, दर ३ ते ४ महिन्यांनी बदलणे हाच दंतवैद्यांचा सल्ला अधिक उपयोगी आहे. रेझरचेही तेच. चष्मा आणि मोबाइल यांसारख्या कोरड्या, सपाट वस्तूंना मात्र पेटी बरी आहे. बाहेरून आल्यावर मोबाइल तिच्यात ठेवण्याची सवय सासूबाईंनी लावून घेतली आहे आणि ती मोडावी असे मला वाटत नाही; फक्त दोन्ही बाजूंना किरण मिळावेत म्हणून तो एकदा उलटावा लागतो.

पेटीची किंमत दोन हजारांहून थोडी अधिक आहे. सीपॅप वापरणाऱ्या घरांनी हे पैसे जादा उशी, वेळच्या वेळी बदललेला फिल्टर आणि यंत्रातली हवा दमट करणाऱ्या आर्द्रकासाठी डिस्टिल्ड वॉटर यांवर खर्च करावेत, असे मी आग्रहाने सांगेन. दोन उश्या असल्या की एक धुऊन सावलीत पुरती वाळेपर्यंत दुसरी वापरता येते. थेट उन्हात मात्र सिलिकॉन वाळवू नये, आणि स्पिरिटने पुसूही नये. यंत्रातून मास्कपर्यंत हवा आणणाऱ्या नळीच्या पोटात तर या पेटीचे किरण शिरूच शकत नाहीत. ती आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने खंगाळून टांगून ठेवावी लागते. उत्पादकांनी पत्रकात मात्रेचा आकडा छापावा आणि तोपर्यंत खोक्यावरचे सीपॅपच्या मास्कचे चित्र काढून टाकावे.