लेदरसारखी टोट बॅग शिवायचीय, मग पीयू घ्यायचं की साधं रेक्झिन?

दुकानात जाऊन नुसतं "लेदरसारखं कापड दाखवा" म्हटलं की समोर दोन प्रकारचे रोल येतात आणि लांबून दोन्ही सारखेच दिसतात. एक पीव्हीसी, म्हणजे आपण ज्याला कायम रेक्झिन म्हणत आलो ते, आणि दुसरं पीयू, म्हणजे वर पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कापड. ओळखायचं तर कोपरा मुठीत चुरगाळा, पीयू कापडासारखं दुमडतं आणि सोडलं की मोकळं होतं, पीव्हीसी ताठ असतं, वजनाला जड लागतं आणि नवीन असताना प्लास्टिकचा वास मारतं.

घरच्या साध्या मशीनवर पहिलीच बॅग शिवणार असाल तर मी पीयूच सांगेन, तेही 0.8 ते 1 मिमी जाडीचं. पीव्हीसी मशीनच्या फूटाखाली, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, चिकटतं, कापड पुढे सरकत नाही आणि टाके एकावर एक पडतात, आणि एवढे जवळजवळ टाके पडले की तिथूनच पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. टेफ्लॉनचा फूट लावा किंवा वर बटर पेपर ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा, चालतं. पीयूलाही हे थोडंफार लागतंच पण त्रास कमी. दोन्हीला 16 नंबरची सुई, पॉलिएस्टर दोरा आणि टाका 3.5 ते 4 मिमी. उसवलं तरी भोकं तशीच राहतात, म्हणून टाचण्या नकोत, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा.

पायाचं काळं मशीन असेल तर पीव्हीसीची एवढी भीती नको, बॅगेचे बंद (धरायचे पट्टे) जोडतो तिथे चार थर येतात, तिथे हाताने चाक फिरवून एकेक टाका घालायचा.

आता पीयूची खरी कमजोरी. दमट हवेत त्याचा वरचा थर काही वर्षांत सुटतो, पापुद्रे निघतात. मी एक चांगली बॅग प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवली होती, दोन पावसाळ्यांनी उघडली तर सगळे काळे तुकडे हाताला लागले, फार वाईट वाटलं. कोकणात, मुंबईत राहत असाल तर हे धरूनच चला आणि बॅग बंद करून ठेवू नका, वापरत राहा. पीव्हीसी असं सोलत नाही, ते जुनं झालं की कडक होतं आणि घडीवर तडकतं. भाजीबाजाराला, पावसात रोज न्यायची बॅग हवी असेल तर मी पीव्हीसी घेईन, ऑफिसला पीयू.

अस्तर कसं लावणार तेही कापडावरच ठरतं. अस्तराच्या तळाला फट ठेवून पूर्ण बॅग त्यातून उलटी काढायची पद्धत दिसायला सुंदर, पीयूला 8 इंचाची फट ठेवली की जमते. पीव्हीसीला हे करूच नका, चुरगळून पांढऱ्या रेषा पडतात त्या जात नाहीत आणि वरून इस्त्रीही फिरवता येत नाही. त्यात अस्तराची पिशवी वेगळी शिवून आत बसवा, दोन्हीच्या कडा आत दुमडा आणि वरून एक शिलाई मारा.

अस्तराला सुती की टफेटा? टफेटा म्हणजे पातळ, गुळगुळीत अस्तराचं कापड, पुसता येतो पण कडा भयंकर सुटतात आणि कापताना हातातून निसटतो. मी आईची जुनी सुती साडी वापरते, फिक्या रंगाची, म्हणजे बॅगेत किल्ली पटकन दिसते. फक्त खिशाच्या मागे फ्यूजिंगची (इस्त्रीने चिकटणाऱ्या कापडाची) पट्टी चिकटवा, तीसुद्धा अस्तर एकटं असतानाच, म्हणजे इस्त्रीची काळजी नाही.

खिसे बाजूच्या शिलाया मारायच्या आधी लावायचे. साधा उघडा खिसा अर्ध्या तासात होतो, चेनच्या खिशाला आधी चौकट शिवून मधे कापावं लागतं, पण पैसे आणि पास ठेवायला तोच हवा. मोबाईलचा खिसा नुसता अस्तरावर लोंबता ठेवू नका, वजनाने अस्तर खाली ओढतं, माझं तसंच फाटलं होतं. आता वरच्या काठाला आतून 2 इंचाची पीयूची पट्टी लावते आणि खिशाचा वरचा काठ तिच्यात अडकवते. बाहेरचा खिसा पहिल्या बॅगेला राहू दे, चुकलात तर भोकं समोरच दिसतील.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 54 इंच असेल तर अर्ध्या मीटरमध्ये सगळं बसतं: आधी पूर्ण पन्ह्याची 2.5 इंचाची पट्टी काढा, ती मधे कापली की 27 इंचाचे दोन बंद होतात, मग 19 बाय 17 चे दोन तुकडे, आणि उरलेल्यात काठाच्या पट्ट्या. प्रत्येक तुकड्याच्या खालच्या कोपऱ्यांतून 2 इंचाचा चौकोन कापला की शिलाईत जाणारं वगळून तळ 3 ते साडेतीन इंच रुंद येतो, डबा आडवा न होता बसतो.