नऊ महिने वापरल्यावर: विक्री दिसते, पण ती तारीख कुणाची?

पंचवीस पाकिटांच्या फरकावरून मी एका सरळ व्यवहार करणाऱ्या बाईंना खोटं ठरवलं. चूक ना त्यांची होती ना त्यांच्या हिशेबाची. चूक मी पैसे भरून घेतलेल्या सॉफ्टवेअरची होती, आणि त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या माझी. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात आमचा सुक्या मेव्याचा आणि खड्या मसाल्याचा गाळा आहे. वडिलांचा धंदा मस्जिद बंदरला होता, मी तुर्भ्यात वाढवला. माझा माल ठोकात घेऊन नऊ जण तो ऑनलाइन विकतात. चार ठाण्यात, तिघे ऐरोली-घणसोलीत, दोघे पनवेलला. गेल्या मे महिन्यात मी या सेलरांची विक्री थेट एपीआयने, म्हणजे ॲमेझॉनसारख्या साइटवरून परस्पर माहिती घ्यायच्या सोयीने, ओढून आणणारं सॉफ्टवेअर घेतलं. वर्षाचे पैसे आगाऊ भरले, १८ टक्के जीएसटी धरून २१,२२६ रुपये. आमच्यासारख्या पेढीला ही रक्कम सहज खर्ची टाकता येत नाही.

आधी काय व्हायचं ते ठोकवाल्यांना सांगायला नको. रोज रात्री व्हॉट्सॲपवर एक्सेल यायच्या. कुणी रद्द झालेल्या ऑर्डरी धरून पाठवायचा, कुणी वगळून. एकजण तर फक्त फोटो पाठवायचा. गाळ्यावरचा मुलगा दोन तास बसून त्याचा मेळ घालायचा आणि तरी उद्या किती पाकिटं भरायची याचा अंदाजच असायचा.

सेलरांच्या खात्यातून विक्री ओढायची परवानगी त्यांच्याकडे मागायला गेलो तेव्हा नऊपैकी सात जण तयार झाले. दोघे नाही म्हणाले आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. सेलर परवानगी देतो ती त्याच्या अख्ख्या खात्याची असते. त्यात इतर व्यापाऱ्यांचा मालही असतो. माझ्या पडद्यावर फक्त माझे एसकेयू, म्हणजे सेलरने प्रत्येक मालाला दिलेले कोड, दिसतात, पण ती गाळणी सॉफ्टवेअरवाल्याच्या हातात असते. ग्राहकाचं नाव, फोन नंबर काही येत नाही, आणि येऊही नये. तरीही आपली खतावणी ठोकवाल्यापुढे उघडी करायला मोठा विश्वास लागतो. त्या सात जणांनी तो दाखवला. हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा.

एसकेयू जुळवण्यात पहिले दोन रविवार गेले. माझा एकच २५० ग्रॅम बदाम सात जणांनी सात नावांनी चढवलेला, त्यात काजू-बदाम जोडपाकिटं वेगळी. १४३ एसकेयू माझ्या ३८ मालांवर बसवले. हा भाग सॉफ्टवेअरने उत्तम केला. एकदा जुळवलं की जोडपाकिटातले बदाम बदामात आणि काजू काजूत आपोआप जातात.

आकडे मिनिटागणिक बदलत नाहीत, अशी सुरुवातीला माझी तक्रार होती. ती मी मागे घेतो. ॲमेझॉनच्या एपीआयवर ऑर्डरींची यादी सरासरी मिनिटाला एकदाच मागता येते. जास्त घाई केली की ४२९ नंबरची एरर येते. त्यामुळे सॉफ्टवेअरवाले तयार अहवाल मागवतात आणि दर तीन-चार तासांनी ताजा आकडा येतो. माल भरायला तेवढं पुरतं. पिस्त्याचं २५० ग्रॅमपेक्षा १०० ग्रॅमचं पाकीट तिप्पट जातंय हे मला जुलैतच दिसलं, आणि दिवाळीला शीतगृहातून काढलेले खोके बरोबर त्या मापात भरले गेले. त्याच्या आदल्या दिवाळीला उरलेली मोठी पाकिटं मी मार्चपर्यंत पडत्या भावात काढत होतो. ऑगस्टअखेर कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

आता मुद्द्यावर येतो.

माझी एक योजना आहे. सेलरने महिन्यात माझी हजार पाकिटं विकली की त्या महिन्याच्या सगळ्या पाकिटांवर ९ रुपये सूट, पुढच्या बिलात वळती. पूर्वी सेलर सांगेल तो आकडा मी धरायचो. सॉफ्टवेअर आल्यावर पडद्यावरचा धरायला लागलो. वागळे इस्टेटमध्ये गाळा असलेल्या एक ताई आहेत, चार वर्षांचा व्यवहार. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी सप्टेंबरची १,०१२ पाकिटं सांगितली. माझ्या पडद्यावर ९८७. मी सूट नाकारली. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "दादा, माझं काही चुकलं असेल तर दाखवा. पण मी एक हजार बारा पाकिटं विकली आहेत." मी काय उत्तर दिलं ते इथे लिहायला लाज वाटते. मशीन खोटं बोलत नाही, असं म्हणालो. त्यानंतर त्यांची ऑर्डर आलीच नाही.

दिवाळीआधी हिशेब बंद करताना मला एक गोष्ट खटकली. २१ सप्टेंबरला, रविवारी, सातही जणांकडे बदामाची विक्री एकदम उसळलेली दिसत होती. २२ सप्टेंबरपासून बदामावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर येणार होता. त्याच दिवशी घटस्थापना, आणि त्याच मध्यरात्री ॲमेझॉनच्या दिवाळी सेलचं दार प्राइमवाल्यांसाठी एक दिवस आधी उघडणार होतं. सगळं गाव दर उतरायची वाट बघत असताना आदल्या दिवशी जादा कर भरून बदाम कोण घेईल? काजू आधीपासूनच ५ टक्क्यांत होते, पण काजूचीही तीच गत. मुलाला म्हटलं, ताईंना फोन लाव, त्यांच्याकडून मूळ अहवाल मागव. मागायचं तोंड नव्हतं, तरी मागितला. त्यांनी दहा मिनिटांत पाठवला.

एक ओळ इथे देतो. तारीख २०२५-०८-३१, वेळ २०:४७:१२, आणि शेवटी +००:००. सगळी गोष्ट त्या शेवटच्या शून्यांत आहे. ही वेळ आपली नाही, यूटीसी आहे, म्हणजे जगभर धरलं जाणारं प्रमाण घड्याळ. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे ही ऑर्डर आपल्याकडे १ सप्टेंबरला पहाटे २ वाजून १७ मिनिटांनी आली. सॉफ्टवेअरने पुढची वेळ कापून टाकली, फक्त तारीख घेतली आणि ऑर्डर ऑगस्टमध्ये टाकली. रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक ऑर्डर अशी आदल्या दिवसात जाते.

ताईंनी १ सप्टेंबरच्या मध्यरात्रीपासून कूपन लावलं होतं. त्या साडेपाच तासांत ३१ पाकिटं गेली, ती ऑगस्टमध्ये पडली. १ ऑक्टोबरच्या पहाटेची सहा पाकिटं सप्टेंबरमध्ये आली. ३१ वजा ६, पंचवीस. माझी पंचवीस पाकिटं सापडली.

इतके महिने हे कुणाच्या लक्षात का आलं नाही याचा मी बराच विचार केला. रोजच्या दिवशी पहाटेच्या ऑर्डरी थोड्याच असतात, आणि आज जेवढ्या मागे जातात तेवढ्याच उद्याच्या आज येतात. बेरीज जुळते. फरक दिसतो तो महिन्याच्या पहिल्या रात्री आणि सेलच्या पहिल्या रात्री. आणि आमच्या धंद्यात सूट, स्लॅब, जीएसटीचा दर सगळं नेमकं त्याच रात्री बदलतं. २२ तारखेच्या पहाटेच्या बदामांवर या सॉफ्टवेअरने माझ्या नफ्याच्या पत्रकात १२ टक्के कर धरला होता. सेलरांची बिलं मार्केटप्लेसवर, म्हणजे ॲमेझॉनसारख्या विक्रीच्या साइटवर, बरोबर ५ टक्क्यांनीच निघाली होती, पण माझं पत्रक चुकीचं होतं आणि त्यावरून मी पुढच्या खरेदीचा भाव ठरवत होतो.

त्याच संध्याकाळी मी १,०१२ पाकिटांचे ९,१०८ रुपये क्रेडिट नोटने दिले आणि वागळे इस्टेटला स्वतः जाऊन माफी मागितली. ताईंनी चहा दिला. म्हणाल्या, पैशांचं काही नाही, तुम्ही अहवाल एकदा मागवून बघितला असता तर बरं झालं असतं. त्यांचं म्हणणं खरं आहे.

यानंतर सपोर्टशी भांडण सुरू झालं. पहिलं उत्तर आलं, "डेटा यूटीसीमध्येच येतो, ही आमची चूक नाही." तिकीट, म्हणजे माझ्या तक्रारीची नोंद, बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा मी विचारलं, दूध बाटलीत येतं म्हणून तुम्ही ग्राहकाला बाटलीसकट चहा देता का? मार्केटप्लेस वेळ यूटीसीत देतं हे सगळ्या जगाला माहीत आहे, त्यांच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे. ती आपल्या घड्याळात बसवून दाखवणं हेच तुमचं काम, त्याचेच मी पैसे भरतो. चौथ्या वेळी त्यांच्या एका इंजिनियर मुलीचा फोन आला. तिने पाऊण तास ऐकून घेतलं, मी पाठवलेल्या ओळी बघितल्या आणि डिसेंबरमध्ये टाइमझोनची सेटिंग आली.

पण जुने महिने तसेच राहिले, कारण त्यांनी साठवताना वेळ टाकून फक्त तारीख ठेवली होती. जुना डेटा परत ओढायला तीन हजार रुपये मागितले. तुमच्या चुकीचे पैसे मी का देऊ, असं लिहून ई-मेल पाठवला. एक अहवाल एका वेळी जास्तीत जास्त ३० दिवसांचा मिळतो, त्यामुळे सात सेलरांचे सात महिने तुकड्या-तुकड्यांनी ओढावे लागले. जानेवारीत, फुकट, करून दिलं. तपासलं तर घणसोलीच्या एका सेलरचाही जुलै पडद्यावर नऊ पाकिटांनी हजाराच्या आत राहिला होता. त्यानं कधी तक्रारच केली नव्हती. त्यालाही सूट दिली.

नवीन घेणाऱ्यांना एकच सांगतो. डेमोच्या दिवशी कुणा सेलरकडून रात्री एक-दोनच्या सुमाराची एखादी जुनी ऑर्डर मागून घ्या आणि पडद्यावर ती कुठल्या तारखेला दिसते बघा. बाकी रंगीत आलेख नंतर बघा. आणि परवानगीला ३६५ दिवसांची मुदत असते हे कॅलेंडरात लिहून ठेवा. माझ्या सातही जणांची मेमध्ये संपते, प्रत्येकाला पुन्हा लॉगिन करून ती द्यावी लागणार. ताई देतील का हे मी अजून विचारलेलं नाही.

सध्या तीन तारे. १ फेब्रुवारीला सकाळी सहा वाजता मी स्वतः बघितलं, पहाटेच्या ११ ऑर्डरी १ फेब्रुवारीलाच दिसत होत्या. मग त्याच दिवसाची एक्सेल उतरवून घेतली. तिच्यात त्या अकराच्या अकरा ३१ जानेवारीला आहेत. पडदा दुरुस्त केला, एक्सेल तशीच सोडली. आमचा सीए एक्सेलच बघतो. तिकीट उघडलंय, आज नववा दिवस.