भाडेवसुली दुसऱ्यावर सोपवल्यानंतरचे चौदा महिने

साताऱ्यात राहून पुण्यातले दोन फ्लॅट सांभाळण्याचे काम मी बारा वर्षे स्वतःच केले. एक फ्लॅट वाकडला, दोन बेडरूमचा, महिना २७,००० रुपये भाड्याचा. दुसरा कोथरूडला, एका बेडरूमचा, १९,५०० रुपयांचा. एजंटाने भाडेकरू आणून दिला की पुढचे सारे, म्हणजे भाडे जमा झाले का ते पाहणे, पावत्या देणे, कराराची मुदत लक्षात ठेवणे आणि सोसायटीची बिले भरणे, एका लांब वहीच्या आधारावर चालत असे. सत्तरी जवळ आली तसा त्या वहीवरचा आणि स्वतःच्या स्मरणशक्तीवरचा विश्वास कमी झाला आणि मी भाडेवसुली व कागदपत्रे सांभाळून देणारी एक सशुल्क सेवा घेतली. पुढे तक्रारी येणार आहेत, म्हणून कंपनीचे नाव येथे देत नाही. अशा सेवांची रचना एकमेकींशी बरीच मिळतीजुळती असते, त्यामुळे नावावाचूनही हा अनुभव घरमालकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

ही सेवा काय करत नाही हे आधी सांगितले पाहिजे. ती भाडेकरू शोधून देत नाही, नळ गळाला तर प्लंबर पाठवत नाही, भाडे बुडाले तर पदरचे भरत नाही. मालक मालकच राहतो. कारकुनी तेवढी दुसरा कोणी करतो. त्यासाठी दर फ्लॅटमागे महिना ४५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये द्यावे लागतात. दोन फ्लॅटचे वर्षाला १२,७४४ रुपये होतात, म्हणजे माझ्या एकूण भाड्याच्या सव्वादोन टक्क्यांहून किंचित अधिक. हा खर्च आयकरात वेगळा वजा मिळत नाही हेही ध्यानात घ्यावे. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला महापालिकेचा कर वजा केल्यावर ३० टक्क्यांची जी सरसकट वजावट मिळते, तिच्यातच वसुली, दुरुस्ती, रंग असा सगळा खर्च धरलेला असतो. सेवेच्या जाहिरातीत ‘करबचत’ हा शब्द ठळक छापलेला आहे. तो वाचून कोणी फसू नये.

वसुलीची व्यवस्था अशी, की प्रत्येक भाडेकरूला एक स्वतंत्र खाते क्रमांक मिळतो, त्यात पडलेली रक्कम कोणत्या फ्लॅटची आहे हे यंत्रणेला आपोआप कळते आणि कामकाजाच्या पुढच्या दिवशी ती माझ्या बँक खात्यात येते. चौदा महिन्यांत एकदाही पैसे अडकले नाहीत. दर महिन्याला आपोआप रक्कम वळती करण्याची सोयही आहे, पण ती घेताना एक गोष्ट कोणी समजावून सांगत नाही. यूपीआयचा ऑटोपे अशा कामासाठी १५,००० रुपयांपर्यंतच पिनशिवाय चालतो. पुण्यात आज त्याहून कमी भाड्याचा बरा फ्लॅट मिळणे अवघड, त्यामुळे भाडेकरूला दर महिन्याला पिन टाकावाच लागतो आणि ‘आपोआप’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. बँकेमार्फत नॅकचा, म्हणजे ठरलेल्या तारखेला खात्यातून रक्कम परस्पर वळती करण्याचा, आदेश घेतला तर ही अडचण येत नाही. वाकडच्या भाडेकरूंनी तो दिला आणि तेव्हापासून त्यांचे भाडे ३ तारखेला बिनबोभाट येते. मात्र खात्यात शिल्लक नसताना आदेश परत गेला तर बँक भाडेकरूकडून दंड घेते, हे त्यांना आधी सांगणे मालकाचे काम आहे. सेवेने ते सांगितले नाही, मी सांगितले.

खरे तर पैसे गोळा करायला मला मदतीची गरज नव्हती. गरज होती ती मागायला. आपल्याकडे भाडेकरूशी चहापाण्याचे संबंध जुळले की ७ तारीख उलटली तरी फोन उचलवत नाही, आणि उचलला तरी आधी मुलांच्या परीक्षेची चौकशी होते आणि भाड्याचा विषय शेवटच्या अर्ध्या मिनिटात, ‘सवडीने बघा’ या शब्दांसह निघतो. ही भीड सेवेने माझ्या अंगावरून उतरवली. १ तारखेला आठवण जाते, ५ तारखेला दुसरी जाते, आणि ती मी पाठवलेली नाही हे दोन्ही पक्षांना माहीत असते. केवळ एवढ्यासाठी पैसे मोजावेत असे मला पहिले सहा महिने वाटत होते.

सातव्या महिन्यात मात्र याच गुणाची दुसरी बाजू दिसली. कोथरूडचे भाडेकरू शाळेत शिक्षक होते. त्यांनी जुन्या सवयीने १ तारखेलाच १९,५०० रुपये थेट माझ्या मोबाईल क्रमांकावर पाठवले. सेवेच्या खात्यात काही आले नाही, म्हणून यंत्रणेच्या लेखी ते थकबाकीदार ठरले. ६ तारखेला सूचना, ८ तारखेला पुन्हा सूचना आणि १० तारखेला ‘आपण कसूरदार असून प्रतिदिन १०० रुपये विलंब शुल्क लागू झाले आहे’ असा मराठी मजकूर त्यांना गेला. त्यांचा फोन आला: ‘काका, माझे पैसे मिळाले नव्हते का?’ पैसे मिळाले होते, मी बँकेचा संदेश पाहिलाही होता. फक्त ती रक्कम सेवेत हाताने नोंदवायची असते हे मला ठाऊक नव्हते. नोंद करायला दोन मिनिटे लागली, पण लागलेले विलंब शुल्क काढून टाकायला चार दिवस, तक्रार क्रमांक आणि तीन वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांना तीच हकीकत सांगणे एवढे सोपस्कार करावे लागले. विलंब शुल्क मालकाच्या संमतीशिवाय लागू नये असा पर्याय सेटिंगमध्ये आहे, पण सुरुवातीला तो बंद ठेवलेला असतो. ज्यांना ही सेवा घ्यायची असेल त्यांनी पहिल्याच दिवशी तो चालू करून घ्यावा.

कराराच्या बाबतीत मला सर्वांत जास्त खटकले आणि सर्वांत जास्त उपयोगही तिथेच झाला. वाकडचा करार संपत आला तेव्हा सेवेने ४५ दिवस आधी सूचना दिली, हे चांगलेच झाले. सोबत जो मसुदा आला तो मात्र स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर करायचा अकरा महिन्यांचा ‘रेंट ॲग्रीमेंट’चा होता, आणि एक वर्षाहून कमी मुदतीच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे खाली टीपेत लिहिले होते. अनेक राज्यांत ही समजूत चालून जाते, महाराष्ट्रात नाही. ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी करावी लागते, मग मुदत अकरा महिन्यांची असो की छत्तीस महिन्यांची. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून व्यवहारी धोका असा, की वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते आणि ते खोडून काढण्याचे ओझे मालकावर पडते. अकरा महिन्यांच्या कराराची आपल्याकडची सवय इतकी जुनी आहे, की तो अकरा महिन्यांचाच का करायचा, हेच बहुतेकांना आठवत नाही.

मी हे कळवल्यावर त्यांच्या पुण्याच्या कार्यालयातील एका जाणकार बाईंनी दुसऱ्याच दिवशी फोन करून चूक मान्य केली आणि ऑनलाइन नोंदणीची तयारी करून दिली. हिशेबही त्यांनी नीट मांडला. अकरा महिन्यांचे भाडे २,९७,००० रुपये. १ लाख रुपयांच्या बिनव्याजी डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरायचे अकरा महिन्यांचे व्याज सुमारे ९,१६७ रुपये. दोन्ही मिळून ३,०६,१६७ रुपयांवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ७६५ रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बाकी किरकोळ शुल्के आणि त्यांची मजुरी धरून मला एकूण २,९०० रुपये पडले. आमच्या ओळखीचा एजंट याच कामाचे अधिक घेत असे, त्यामुळे या रकमेबद्दल माझी तक्रार नाही.

नोंदणीसाठी लागणारा अंगठ्याचा ठसा घ्यायला सेवेचा मुलगा यंत्र घेऊन साताऱ्याला घरी आला. माझ्या वयाच्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात, त्यामुळे दोन्ही अंगठे नाकारले गेले. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, शेवटी मधल्या बोटावर काम भागले. त्या मुलाने जराही कंटाळा केला नाही. भाडेकरूंचे काम वाकडलाच झाले, त्यामुळे सुट्टी काढून कोणाला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावे लागले नाही. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवण्याचे कामही त्यांनीच ऑनलाइन उरकले आणि त्याची पोच मला पाठवली. मुदतीची आठवण ४५ दिवस आधी मिळण्याचे मोल मी मुद्दाम सांगतो, कारण याच कायद्याच्या कलम २४ मध्ये मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई मागण्याची तरतूद आहे, आणि ती वापरण्याची वेळ आलीच तर हातात नोंदणी केलेला करार आणि मुदत संपल्याची स्पष्ट तारीख असावी लागते.

सोसायटीची बिले परस्पर भरण्याची सोय मी तीन महिन्यांत बंद केली. वाकडच्या सोसायटीने घर भाड्याने दिल्याबद्दलचे बिनभोगवटा शुल्क वाढवून लावले होते. राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. बिलात ते एकूण रकमेवर काढले होते. सेवेने बिल आले तसे भरून टाकले. तपासणे हे तिचे काम नाही असे उत्तर मिळाले, आणि अटी वाचल्यावर ते बरोबर निघाले. चिटणीसांना पत्र लिहून मी फरक पुढच्या बिलात वळता करून घेतला.

पावत्या आणि वार्षिक हिशेब यांविषयी तक्रारीला जागा नाही. भाडे जमा झाल्याबरोबर पावती जाते, तिच्यावर माझा पॅन असतो, आणि वर्षाला १ लाख रुपयांहून अधिक भाडे भरून घरभाडे भत्त्याची सवलत घेणाऱ्या नोकरदाराला तो लागतोच. पूर्वी मार्च महिन्यात भाडेकरू बारा पावत्या एकदम मागत आणि मी त्या एका दुपारी बसून, शाईचा रंग बदलत लिहीत असे. तो प्रकार बंद झाला. ज्यांचा मालक परदेशात आहे त्यांच्यासाठी मात्र ही सेवा अपुरी आहे. माझ्या मेव्हण्याचा बाणेरचा फ्लॅट आहे आणि तो अमेरिकेत राहतो. अशा मालकाला भाडे देताना भाडेकरूने रक्कम कितीही असली तरी उगमकर (टीडीएस) कापायचा असतो, आणि उपकर धरून तो साधारण ३१.२ टक्के होतो. देशातल्या मालकाला लागणारी महिना ५०,००० रुपयांची मर्यादा आणि २ टक्क्यांचा दर येथे लागू नाही. सेवेत हा पर्यायच नाही, त्यामुळे मेव्हण्याला मी ती घेऊ नकोस असे सांगितले.

कोथरूडचे शिक्षक बदली होऊन गेले तेव्हा डिपॉझिटचा हिशेब सेवेकडे होता. घर ताब्यात देतानाची छायाचित्रे जपलेली होती, त्यामुळे किचनच्या ओट्याचा तडा जुनाच आहे हे एका मिनिटात ठरले. वहीच्या काळात यावरून अर्धा तास बोलणे झाले असते. पण घर पाहायला आलेल्या माणसाने छापील दरपत्रकाप्रमाणे रंगाचे ८,५०० रुपये ६०,००० रुपयांच्या डिपॉझिटमधून कापावेत असे लिहून दिले. तीन वर्षे माणसे राहिली की भिंतींचा रंग फिका पडणारच. तो खर्च मालकाचा, असे मी मानत आलो आहे. मी ती कपात रद्द केली, फक्त शेवटच्या वीजबिलाचे १,१४० रुपये कापले आणि उरलेले ५८,८६० रुपये सरांच्या खात्यात पाठवले.

त्या फ्लॅटमध्ये आता सरांच्याच शाळेतल्या एक शिक्षिका राहतात आणि तो मी सेवेतून काढून घेतला आहे. त्यांचे भाडे थेट माझ्या खात्यात येते आणि त्याची नोंद पुन्हा वहीत होते. सेवेकडे दिलेल्या आधार आणि पॅनच्या प्रती पुसून टाकाव्यात असे लेखी कळवले आणि तसे केल्याचे लेखी उत्तर घेतले. वाकडचा फ्लॅट त्यांच्याकडेच ठेवला आहे. तिथले भाडेकरू आयटीतले दोन तरुण आहेत; त्यांना मालकाचा फोन नको असतो आणि मलाही तो करायचा नसतो.