कांदोळीची ‘गाइडसह ई-स्कूटर टूर’: आमच्याकडून पैसे कसे काढले, ते जाण्याआधी वाचा

सुट्टीत गोव्याला, विशेषतः कांदोळी-कळंगुटकडे जाणार असाल तर दोन मिनिटं काढून हे वाचा. रस्त्याकडेला टेबल टाकून इलेक्ट्रिक स्कूटरवरची सहल विकणारे तिथे भेटतात. सगळे तसे नसतील, पण आमच्या वाट्याला जे आले त्यांची पैसे काढायची पद्धत अगदी ठरलेली होती, आणि ती कळली तर पुढच्या माणसाचे पैसे वाचतील म्हणून लिहितेय.

मी, माझे मिस्टर, नणंद आणि तिचा मुलगा. दोन स्कूटर, एका गाडीचे बाराशे रुपये, पुढे गाइड त्याच्या गाडीवर. सिकेरी, आग्वाद किल्ला, नेरूलची खाडी आणि परत, असं ठरलं. “ताई, लायसन्सची गरज नाही, बॅटरीची गाडी आहे,” असं टेबलावरचा माणूस म्हणाला आणि लगेच डिपॉझिट म्हणून मिस्टरांचं मूळ लायसन्स मागून घेतलं. गाड्यांना नंबरप्लेट नव्हत्या.

सहलीतली पहिली दोन ठिकाणं म्हणजे काजूचं दुकान आणि मसाल्याचं दुकान. प्रत्येक ठिकाणी अर्धा अर्धा तास. किल्ल्यापाशी गाइड पार्किंगमध्येच फोनवर बोलत थांबणार, हे तिथल्या तिथे कळलं. 1612 साली बांधलेला किल्ला, जहाजांना गोडं पाणी पुरवणारी त्याची प्रचंड टाकी, 1864 चा जुना दीपस्तंभ, यातलं एक अक्षरही त्याने सांगितलं नाही. पण माझी खरी तक्रार ती नाही.

खरा प्रकार आग्वादच्या चढावर झाला. चढ लागताच डिस्प्लेवरच्या बॅटरीच्या चारपैकी तीन काड्या गेल्या आणि नणंदेची गाडी बंद पडली. गाइडने सीट उघडली, आत बघितलं, पटकन बंद केली आणि म्हणाला, “डबल सीट चढवल्यामुळे कंट्रोलर जळाला.” कंट्रोलर म्हणजे बॅटरीतून मोटरला जाणारी वीज सांभाळणारा भाग. त्याचे साडेसहा हजार, गाडी न्यायला टेम्पोचे पंधराशे. मिस्टर म्हणाले, ही तर टूर आहे, गाडी बिघडली तर तुमची जबाबदारी. तेव्हा तो म्हणाला, नाही, गाडी तुम्ही भाड्याने घेतली आहे, नुकसान भाडेकरूने भरायचं. लायसन्स टेबलावरच्या माणसाकडे अडकलेलं. दुसऱ्या दिवशी आमची परतीची गाडी. नणंदेचा मुलगा उन्हात रडकुंडीला आलेला. शेवटी आठ हजार यूपीआयने गेले, तेही टूरवाल्याच्या नावावर नाही, कुठल्याशा वेगळ्याच माणसाच्या खात्यावर. पावती मागितली तर “व्हॉट्सअॅपवर पाठवतो” म्हणाला. ती कधीच आली नाही.

सीट उघडली तेव्हा भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. घरी आल्यावर आमच्या गल्लीतल्या ई-बाइकच्या मेकॅनिकला तो दाखवला. त्याने तिथेच व्हिडिओ थांबवला. सीटखाली घरच्या मीटरपाशी असतो तसला एमसीबी स्विच स्पष्ट दिसत होता आणि त्याचा खटका खाली पडलेला होता. “वहिनी, लोड आला की हा पडतो. वर केला की गाडी चालू. कंट्रोलर जळाल्याचा खरंच संशय असता तर गाइडने आधी हाच वर करून बघितला असता.” काड्यांचंही त्याने सांगितलं: स्वस्त गाड्यांचा डिस्प्ले व्होल्टेज बघतो, चढावर ताण आला की काड्या पडतात आणि गाडी थोडा वेळ थांबवली की पुन्हा चढतात. म्हणजे जुन्या, थकलेल्या बॅटरीची गाडी चढावर नेली की हा खेळ रोज करता येतो. पेट्रोलच्या गाडीचा ओरखडा डोळ्यांना तरी दिसतो. बॅटरीचं नुकसान टूरवाल्याने सांगायचं आणि आपण मान डोलवायची.

आता लायसन्सचं. नियमात सूट आहे ती ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि 250 वॅटपेक्षा कमी क्षमतेच्या मोटरच्या गाडीला. आमची गाडी सपाटीवर सहज चाळीसला जात होती. अशा गाडीला नोंदणी लागते, विमा लागतो, चालवणाऱ्याला लायसन्स लागतं. अपघात झाला असता तर विम्याचा एक पैसा मिळाला नसता, या विचाराने मला आजही झोप लागत नाही. भाड्याच्या पेट्रोल गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात, व्यवसायासाठीच्या इलेक्ट्रिक गाडीला हिरव्या पाटीवर पिवळी. पाटीच नसेल तर तिथूनच मागे फिरा. मूळ लायसन्स किंवा आधार कुणालाही ठेवायला देऊ नका, डिजिलॉकरमधलं दाखवा, ते कायद्याने चालतं. आणि निघण्याआधी सीट उघडायला लावून आतला स्विच, डिस्प्ले आणि गाडीच्या चारी बाजू गाइडच्या समोर व्हिडिओत घ्या. बिघाडाचा खर्च कोणाचा, ते त्याच्याकडूनच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. तो टाळाटाळ करत असेल तर पुढचं भांडण तिथेच दिसतं.

आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, सोबत यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि तो व्हिडिओ जोडला आहे. टेबलवाल्याला फोन केला तर त्याचं उत्तर असं की टूरचे चोवीसशे मला मिळाले, बाकीच्या आठ हजारांशी माझा संबंध नाही. म्हणून पैसे देताना खात्यावरचं नाव आधी बघा. त्या भागात कुणाकडून बॅटरी किंवा कंट्रोलरच्या नावाने असेच पैसे घेतले असतील तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट पुसू नका आणि रक्कम लहान असली तरी तक्रार नोंदवा.