मशीन लीजवर, गाळा लायसन्सवर: दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या कारखानदाराला मोठी ऑर्डर मिळाली की दोन गोष्टी एकदम लागतात: नवी व्हीएमसी (संगणकावर चालणारं, धातू कापून सुटे भाग घडवणारं मशीन) आणि ती बसवायला जागा. मशीनचं बोलणं फायनान्सवाल्याशी होतं, गाळ्याचं एजंटशी. दोन्हींवर सह्या वेगवेगळ्या आठवड्यांत होऊन जातात आणि त्या एकमेकींशी जुळतात का, हे कोणी बघत नाही. पाच वर्षांचा मशीन-करार आणि अकरा महिन्यांचा गाळा ही जोडी माझ्या मते सगळ्यात धोक्याची. जागा सुटली तरी मशीनचं भाडं सुटत नाही.

आधी मशीन

कर्जाने घेतलेलं मशीन पहिल्या दिवसापासून तुमचं असतं, फक्त बँकेकडे तारण. प्राप्तिकरात घसारा, म्हणजे मशीनच्या झिजेची वजावट, तुम्हाला मिळतो, सर्वसाधारण यंत्रांना वर्षाला १५ टक्के, दर वर्षी उरलेल्या किमतीवर, आणि व्याजही खर्चात जातं. हायर पर्चेसमध्ये वापर तुमचा, पण मालकी शेवटच्या हप्त्यानंतर मिळते. जीएसटीचा कायदा त्याला मालाची विक्रीच मानतो.

लीज म्हणजे निव्वळ भाडं, पण तिच्यातही दोन जाती आहेत आणि खरा गोंधळ तिथेच होतो. फायनान्स लीजमध्ये कागदावर मालक कंपनी असते, पण दुरुस्ती, विमा आणि मशीन जुनाट होण्याची जोखीम जवळजवळ सगळी तुमच्या अंगावर येते. मुदतही मशीनच्या उपयुक्त आयुष्याच्या बऱ्याच मोठ्या भागाची असते. ऑपरेटिंग लीजमध्ये मुदत त्या मानाने थोडी असते. काम झालं की मशीन परत करायचं, ते पुढे कितीला विकलं जाईल ही चिंता मालकाची. फोर्कलिफ्ट, जनरेटर, लॅपटॉप यांना हा प्रकार छान बसतो. व्हीएमसी नीट राखली तर दहा-बारा वर्षं सहज काम देते, त्यामुळे तिच्यासाठी ऑपरेटिंग लीज एकाच परिस्थितीत योग्य ठरते: ऑर्डर दोन-तीन वर्षांचीच असेल आणि पुढचं काही सांगता येत नसेल तेव्हा.

भाव तपासायचा तर हप्त्याच्या आकड्यावर थांबू नका. समजा मशीन ४० लाखांचं आहे आणि महिना ८५,००० रुपये याप्रमाणे ६० महिन्यांचं कोटेशन आलं. एवढ्यावर हिशेब केला तर व्याजाचा दर वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास निघतो आणि बँकेपेक्षा बरं वाटतं. मग शेवटच्या पानावर दिसतं की मशीन ठेवून घ्यायचं असेल तर अखेरीस ४ लाख द्यायचे आहेत. ते धरले की तोच दर साडेबारा टक्क्यांच्या जवळ जातो. त्यात प्रोसेसिंग फी आणि बिनव्याजी डिपॉझिट मिळवलं की आणखी चढतो. एक्सेलमध्ये सगळ्या रकमा तारखांप्रमाणे मांडून आयआरआर (सगळ्या देण्यांतून निघणारा खरा व्याजदर) काढला तर पाच मिनिटांत खरं चित्र समोर येतं. हे केल्याशिवाय दोन कोटेशनांची तुलना करूच नये.

मग लीज घ्यावी का? काही वेळा नक्की घ्यावी. ४० लाखांच्या खरेदीवर १८ टक्क्यांनी ७ लाख २० हजारांचा जीएसटी एकदम भरावा लागतो. त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे पुढे भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो, पण ते वापरून संपेपर्यंत पैसा अडकतो. लीजमध्ये तोच कर भाड्याबरोबर दरमहा १५,३०० असा येतो. शिवाय भाडं सगळं खर्चात धरता येतं. घसारा मात्र लीज देणाऱ्या कंपनीला मिळतो. भाड्याने दिलेल्या वाहनांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तसा निकाल दिला आहे. नफा भरपूर आणि खेळतं भांडवल तोकडं असेल, तर लीजचं पारडं जड होतं. फक्त तारण नाही म्हणून लीजकडे वळत असाल तर आधी बँकेत सीजीटीएमएसईची, म्हणजे लहान उद्योगांच्या विनातारण कर्जाला हमी देणाऱ्या योजनेची, चौकशी करा. एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांना त्या हमीखाली १० कोटींपर्यंतचं कर्ज येऊ शकतं.

लीजचा बोजा ताळेबंदात दिसत नाही, असं सांगणारे अजून भेटतात. मोठ्या कंपन्यांना ते १ एप्रिल २०१९ पासून लागू नाही. इंड एएस ११६ या लेखा मानकानुसार जवळपास प्रत्येक लीज ताळेबंदात येते. लहान कंपन्यांना जुनं मानक, एएस १९, आहे आणि त्यातही फायनान्स लीज दाखवावीच लागते.

मग गाळा

इथे निवड मुख्यतः लिव्ह अँड लायसन्स, भाडेपट्टा आणि एमआयडीसीचा स्वतःचा भूखंड यांत असते. भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्यावर मिळतो, प्रीमियम भरावा लागतो, आणि हस्तांतर करायचं किंवा पोटभाडेकरू ठेवायचा तर महामंडळाची परवानगी लागते. ती जवळजवळ खरेदीच आहे, पहिल्या व्हीएमसीच्या वेळी तिचा विचार नको.

मुद्रांकाच्या खर्चात लायसन्स स्वस्त आहे. समजा भाडं ६०,००० आणि परत मिळणारं डिपॉझिट ६ लाख. पाच वर्षांचं भाडं ३६ लाख, डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज ३ लाख, एकूण ३९ लाखांवर ०.२५ टक्के म्हणजे ९,७५० रुपये मुद्रांक. शहरी भागात नोंदणी १,००० रुपये. पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याला मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या १० टक्के रकमेवर खरेदीखताच्या दराने मुद्रांक लागतो. गाळा एक कोटीचा आणि दर ६ टक्के धरला तर ६०,००० होतात.

पण या फरकात काय विकत मिळतं ते बघा. लायसन्सने जागेत तुमचा कोणताच हक्क निर्माण होत नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. मालकाने गाळा विकला तर १८८२ च्या इझमेंट्स कायद्यानुसार नवा मालक त्या परवानगीला बांधील नसतो. भाडेपट्टा मात्र विक्रीनंतरही चालू राहतो. पाया घालून, लेव्हलिंग करून बसवलेलं मशीन उचलून दुसरीकडे न्यायचं म्हणजे वाहतुकीचं भाडं, क्रेन आणि बुडालेले दिवस. म्हणून जड मशीन असेल तर ते जास्तीचे पन्नास हजार मला वाया गेलेले वाटत नाहीत.

अकरा महिन्यांची प्रथा तर महाराष्ट्रात निरर्थकच आहे. एका वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची नाही, या नियमातून ती आली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सही लेखी आणि नोंदणीकृत लागतं, मुदत कितीही असो. ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. तेव्हा मालक ‘अकराच महिने’ म्हणाला तर त्यात कसलीच बचत नाही, हे त्याला शांतपणे सांगा आणि ६० महिने मागा.

मालकाची जीएसटी नोंदणी नाही म्हणून कर वाचला, असंही समजू नका. १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा व्यावसायिक भाड्यावरचे १८ टक्के नोंदणीकृत भाडेकरूला स्वतः भरावे लागतात. कंपोझिशनवाले, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणारे छोटे व्यावसायिक, यातून नंतर वगळले गेले.

जोडी जुळवताना

काम टिकाऊ असेल तर मशीन कर्जावर आणि गाळा पाच वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्यावर, हा माझा पहिला पर्याय. मालक भाडेपट्ट्याला तयार नसेल तर ६० महिन्यांचं लायसन्स घ्या. लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही ती मुदत) मालकालाही लागू असेल आणि गाळा विकताना खरेदीदाराकडून हा करार पाळण्याची लेखी हमी मालक घेईल, अशी अट त्यात घालून घ्या. ऑर्डर दोन-तीन वर्षांचीच असेल तर दोन्हीकडे लवचीक राहा: ऑपरेटिंग लीज, तेवढ्याच मुदतीचं लायसन्स, आणि मशीन मुदतीआधी परत केलं तर किती भरावं लागेल याचा आकडा करारातच लिहिलेला. मधला मार्ग म्हणून पाच वर्षांची फायनान्स लीज आणि वर्षभराचा गाळा सुचवला गेला तर नकार द्या.

सही करण्याआधी वीजभार तपासा. मीटर मालकाच्या नावावर असेल तर भार वाढवायला त्याची संमती लागेल. ती संमती गाळ्याच्या करारात लेखी आल्यानंतरच मशीनची ऑर्डर द्या.