भाड्याच्या घरातला एसी बिघडला: मालकाची वाट पाहावी की स्वतः मेकॅनिक बोलवावा?

भाड्याच्या घरातला एसी थंड करेनासा झाला की दोनच वाटा दिसतात. एक तर मालकाला कळवून थांबायचं, नाहीतर स्वतः मेकॅनिक बोलवून बिल भाड्यातून वळतं करून घ्यायचं. मी दोन्ही करून पाहिलं आहे. कोणती वाट धरायची हे आधी बिघाडावरून ठरवा, मालकाच्या स्वभावाचा विचार नंतर.

फिल्टर तुंबला असेल किंवा इनडोअरमधून पाणी ठिबकत असेल, तर मालकाला विचारत बसू नका. फिल्टरवर धूळ साचली की कॉइलवरून, म्हणजे आतल्या गार नळ्यांच्या जाळीवरून, पुरेशी हवा जात नाही, त्यामुळे कॉइलवर बर्फ धरतो आणि गार हवा येणंच थांबतं. एसी बंद ठेवून बर्फ पूर्ण वितळू द्या, फिल्टर धुऊन वाळवा, मग चालू करून पाहा. पाणी ठिबकत असेल तर बहुधा ड्रेन पाइप तुंबलेला असतो. ही कामं किरकोळ आहेत आणि रोजच्या वापराची देखभाल म्हणून ती आपल्याच अंगावर येतात.

खरा घोळ गॅसपाशी होतो. ‘गॅस संपलाय, भरावा लागेल,’ हे वाक्य मी एकाच उन्हाळ्यात दोनदा ऐकलं आणि दोन्ही वेळा स्वतःच्या खिशातून पैसे दिले. एसीचा गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. तिसऱ्या मेकॅनिकने आउटडोअरच्या नटावर साबणाचा फेस लावला. थोड्या वेळात तिथे एक बुडबुडा हळूहळू फुगत गेला. दोन बिलांचा गॅस तिथून गेला होता! मालक म्हणाले, ‘विचारलं असतंत तर मी माझा माणूस पाठवला असता.’ त्यांचं चुकलं नव्हतं.

वेगात स्वतः बोलवलेला मेकॅनिक सरस, यात वाद नाही. कामावरही आपली नजर राहते. गळती बुजवून नायट्रोजनने दाब तपासला का, व्हॅक्यूम करून नळ्यांतली हवा काढली का, गॅस वजन करून भरला का, हे उभं राहून विचारता येतं. मालकाचा माणूस पुष्कळदा वरच्यावर गॅस भरून निघून जातो. मात्र पुढे काही बिघडलं की ‘तुमच्या माणसाने हात लावला होता’ हे ऐकावं लागतं आणि अनामत रकमेवर गदा येते. म्हणून गॅसच्या कामात मला मधली वाट पटते. मेकॅनिक आपण निवडायचा, पण अंदाजपत्रक मालकाला पाठवून त्यांचा होकार लेखी घ्यायचा. मेसेजवर घेतला तरी चालेल.

कॉम्प्रेसर, म्हणजे आउटडोअरमधला गॅस दाबणारा पंप, गेला असेल तर खर्च मालकाचाच, तिथे स्वतः पैसे घालू नका. मात्र तो नुसता घूं घूं करून सुरू होत नसेल, तर आधी त्याला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर तपासायला सांगा. तो छोटा भाग बदलून काम भागू शकतं. स्वतः मात्र झाकण उघडू नका, वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहतो. आउटडोअरच्या पट्टीवर आर-२२ या जुन्या गॅसचं नाव लिहिलेलं असेल तर दुरुस्तीपेक्षा नवीन एसीचाच आग्रह धरा. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या १९८७ च्या माँट्रियल करारानुसार हा गॅस हद्दपार होत आला आहे आणि त्या यंत्रात आर-३२ हा नवा गॅस भरून चालत नाही, तो थोडा ज्वलनशील असतो.

मालक उत्तरच देत नसतील तर बिघाडाचे फोटो तारखेनिशी पाठवत राहा. परस्पर भाडं कापण्याआधी करार आणि तुमच्याकडचा कायदा बघा. काही ठिकाणी ते चालतं, काही ठिकाणी तीच भाड्याची थकबाकी धरली जाते. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर मात्र मी एक दिवसही थांबणार नाही. आधी मेकॅनिक बोलवेन, त्याच क्षणी मालकाला कळवेन आणि बिल, बदललेला भाग, दोन्ही जपून ठेवेन.